आत्याचं 'ओ डियर'

आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते दूध उतू गेल्यामुळे. आत्या स्टोव्हजवळ पुस्तक घेऊन बसली होती. पातेल्यातलं दूध भसाभसा वर आलं आणि स्टोव्ह विझला. अशा वेळी आमच्याकडे कोणीही 'बाप्पा' म्हणालं असतं, नाहीतर 'माय वं'. आत्या अगदी शांतपणे म्हणाली, "ओ डियर." आई हातातली परात खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिली. दूध गेल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही नागपुरात, जरीपटक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. आत्या म्हणजे बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. गावात राहून मॅट्रिक झाली, लग्न जमेपर्यंत शहरात चार गोष्टी शिकेल म्हणून आमच्याकडे आली, आणि घरच्यांनी धड होय-नाही म्हणायच्या आत तिनं कामठीच्या छावणीतल्या एका छोट्या शाळेत नोकरी मिळवली. बालवर्गात मदतनीस. काम म्हणजे नाकं पुसायची, नाड्या बांधायच्या, उलटे घातलेले बूट सुलटे करायचे आणि 'घरी जायचं' म्हणून भोकाड पसरणाऱ्याला कडेवर घेऊन फिरायचं. रोज सकाळी कामठी रोडवर जाऊन ती बस पकडायची आणि दुपारी परत यायची तेव्हा तिच्या पदरावर निदान तीन पोरांची नाकं पुसलेली असायची. मी त्या वेळी दहा-अकरा वर्षांची होते. इतका आनंदी माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि मळका पदर धुवायला टाकताना कोणी गुणगुणतं हेही मला नवीन होतं.

त्या शाळेच्या मॅडम पिकल्या केसांच्या अँग्लो-इंडियन बाई होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर त्यांनी बंगल्याच्या व्हरांड्यात शाळा काढली. त्या दिवसभर 'ओ डियर' म्हणत असत. पाटी फुटली, ओ डियर. चड्डी ओली झाली, ओ डियर. मोठे साहेब शाळा बघायला आले आणि नेमकी तेव्हाच बकरी वर्गात शिरली, तरी ओ डियर, त्याहून जास्त काही नाही. दोन महिन्यांत आत्याच्या तोंडी ते बसलं आणि बसमधून आमच्या घरी आलं.

मला विचाराल तर मला तो शब्द पहिल्या दिवशीच आवडला. आपल्याकडे जरा ठेच लागली की आपण थेट आईला, बापाला किंवा देवालाच हाक मारतो. सुईत दोरा जाईना झाला तरी 'अरे देवा'. एवढ्याशा कामाला एवढ्या मोठ्या माणसाला बोलवायचं मला लहानपणीही बरं वाटत नसे. आणि नाही बोलावलं तर समोरच्याला धरतो, 'काय केलंस हे?' ओ डियरमध्ये हे दोन्ही नव्हतं. त्यात कोणाला बोलावणं नव्हतं, कोणाकडे बोट नव्हतं. आत्या सांगायची की मॅडम तसं म्हणाल्या की दूध सांडलेलं पोरगं रडत नाही, गपचूप फडकं आणायला जातं. "त्याले समजते की आपल्याले कोणी मारणार नाई," ती म्हणायची.

मग काय, आमच्याकडे सगळ्यांनीच ते उचललं. मी भाकरी करपली की म्हणायची, बाबा सायकल पंक्चर झाली की म्हणायचे. पण बाबांचा कारकुनी जीव. अर्थ माहीत नसलेला शब्द वापरायचा म्हणजे त्यांना बिनासहीच्या कागदासारखं वाटायचं. त्यांनी कचेरीतून डिक्शनरी आणली आणि चष्मा लावून वाचलं. डियर म्हणजे प्रिय. "ओ, प्रिय," असं म्हणून त्यांनी वर पाहिलं आणि आत्याला विचारलं, "प्रिय कोण? पुढं?"

"पुढं काही नाई गा दादा. तेवढंच आहे."

"असं कसं? अर्धंच वाक्य कोणी बोलते काय?"

आई स्वयंपाकघरातून हसली. तिचं हसणं मला तेव्हा कळलं नाही. अर्धं वाक्य बोलण्यात आमच्या आईचा हात धरणारं जरीपटक्यात कोणी नव्हतं.

कारण आई बाबांचं नाव घेत नसे. त्या काळात कोणाचीच आई घेत नसे, पण आमच्या आईची अडचण मोठी होती. बाबांचं नाव एका वारावरून ठेवलेलं. कोणत्या ते मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तो वार तिच्या तोंडात कधी आला नाही. त्या दिवशी काही असलं तर ती 'बाजाराच्या दुसऱ्या दिवशी' म्हणायची. तेवढं चाललं असतं, पण नागपुरात निम्म्या वस्त्या वारांच्या नावाच्या. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. आणि आईची सख्खी बहीण नेमकी बाबांच्या वाराच्या वस्तीत राहायची. रिक्षावाला विचारायचा, कुठे जायचं. आई सांगायची, इतवारी नाही. बरं, मग? जी नाहीत ती सगळी नावं ती एकेक करून सांगायची आणि उरलेलं एक त्याच्या तोंडून निघेपर्यंत वाट बघायची. निघालं की मान हलवायची. एकदा एका रिक्षावाल्याला वाटलं, बाईला भ्रम झालाय, आणि त्यानं भाडं नाकारलं. तेव्हापासून आई मला बरोबर नेऊ लागली. मी ते नाव खणखणीत आवाजात सांगायची आणि आई पदर सावरत दुसरीकडे बघायची, जणू काही ऐकलंच नाही.

बाबांना ती 'अहो' म्हणायची. तेवढंच. पुढे काही नाही.

संत्र्यांच्या दिवसांत आबा आले. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना घरात सगळेच आबा म्हणत, फक्त आई मामाजी म्हणायची. ते गावाकडे एकटेच राहून वावर बघायचे. आजी जाऊन काही वर्षं झाली होती. वर्षातून एकदा ते संत्र्यांची पेटी आणि तुरीची डाळ घेऊन यायचे, आठवडाभर राहायचे आणि शहराला नावं ठेवून परत जायचे. स्वभावानं तापट, पण आमच्यावर जीव. मला शेजारी बसवून संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचे आणि मी बिया कुठे टाकते त्यावर लक्ष ठेवायचे.

त्यांच्यापुढे आत्याच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. तिच्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

"हे काय म्हणून राहिली वं तू?" आबांनी विचारलं.

आत्या म्हणाली, काही नाही, शाळेत म्हणतात तसं. आबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कंपाउंडरकडे गेले. हा गृहस्थ पूर्वी कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात होता, त्यामुळे गल्लीत तो इंग्रजीचा आणि इंग्रजांचा जाणकार समजला जाई. त्यानं आबांना सांगितलं, की ती त्या लोकांच्या देवाला मारलेली हाक आहे. नर्सा रोग्याजवळ बसून असंच म्हणायच्या, त्यानं कानांनी ऐकलंय.

आबा घरी आले ते चप्पल न काढताच बोलायला लागले. "पोट्टी त्याईच्या देवाले हाक मारून राहिली, अन् तुमी सारे ऐकून राहिले? आज हाक मारते, उद्या त्याईच्या देवळात जाईन. मंग कोणता पाव्हणा येईन इले पाहाले? हप्ताभर थांबतो मी. जातानी हे माह्यासंगं गावाले येते. शाळा बंद."

बाबा म्हणाले, "आबा, तसं नसते ते," पण कसं असतं ते बाबांनाही सांगता येईना. डिक्शनरीत प्रियच्या पुढे काही नव्हतं.

आत्या रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल. ती उठली, दुसऱ्या दिवसासाठी साडी घडी करून उशाशी ठेवली आणि आईला हळूच म्हणाली, "वहिनी, मले दुसरं काही नको. मले तेवढं जाऊ द्या." आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या क्षणी आबांचा असा राग आला की त्यांनी सोललेलं संत्रं मी घेतलं नाही.

त्या आठवड्यात आत्यानं तो शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं. पण सवय कुठली जाते? चिमटा हातातून निसटायचा, ती "ओ" म्हणायची आणि पुढचं गिळायची. मीठ जास्त पडलं, "ओ". नळाचं पाणी गेलं, "ओ". जेवताना तिला दोनदा असं झालं तेव्हा बाबांना हसू आवरेना आणि ठसका लागला. आबांनी रागानं पाहिलं, पण त्यांच्या मिशाही हलल्याच.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. कंपाउंडरचं कशाला ऐकायचं, जिचा शब्द आहे तिलाच विचारू. आबा म्हणाले, "मी सोता जातो." आणि दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर, टोपी आणि खांद्यावर दुपट्टा अशा थाटात, रुमालात चार संत्री बांधून ते आत्याबरोबर निघाले. मला सुट्टी होती म्हणून मीही चिकटले. बसमध्ये आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. कामठी आली, हातमागांची खटखट ऐकू यायला लागली, तरी तिनं मान वळवली नाही.

शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस पोरं सतरंजीवर बसली होती. आत्या दिसताच निम्मी उठून तिला बिलगली. मॅडमनी आबांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि एका पोराला पाणी आणायला सांगितलं. पोरगं ते केवढंसं, ग्लास केवढा. दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, अगदी जपून ते आलं आणि आबांच्या पुढ्यात येऊन अडखळलं. सगळं पाणी आबांच्या धोतरावर.

आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ओ डियर."

मी डोळे मिटून घेतले. आता आबा ओरडणार, असं मला वाटलं. डोळे उघडले तर ते पोरगं कोपऱ्यातलं फडकं घेऊन आलं होतं आणि उकिडवं बसून आबांचे पाय पुसत होतं. रडत नव्हतं, घाबरलं नव्हतं. एक पाय पुसून झाल्यावर त्यानं आबांना दुसरा पुढे करायला सांगितला. आबांनी केला.

मग त्यांनी मॅडमना विचारलं. दोघांचंही हिंदी आपापल्या तऱ्हेचं होतं, पण एकमेकांना समजत होतं. मॅडमनी प्रश्न नीट ऐकून घेतला. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, की खरं काय ते कोणालाच पक्कं ठाऊक नाही. कोणी म्हणतात, हा शब्द दुसऱ्याच कुठल्या देशातून आला. पण त्यांची आई सांगायची, की फार पूर्वी लोक 'डियर लॉर्ड' म्हणायचे, म्हणजे 'प्रिय प्रभू'. त्यांच्या धर्मात देवाचं नाव फुकट घ्यायला मनाई. भांडं पडलं, पाय घसरला, अशा फालतू गोष्टीत त्याचं नाव घेणं म्हणजे पाप. पण घाबरल्यावर तोंडातून तर निघतंच. मग लोक अर्धं म्हणायचे आणि नाव आतच गिळायचे. गिळता गिळता पुढे लोक विसरूनच गेले की काय गिळलंय.

"मतलब भगवान ही है," आबा म्हणाले.

"था," मॅडम म्हणाल्या. "शायद."

आबांनी रुमाल सोडून संत्री त्यांच्या टेबलावर ठेवली, हात जोडले आणि उठले. परतीच्या बसमध्ये मला मॅडमचा राग आला होता. मी आत्याला म्हटलं, नाही म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आत्या म्हणाली, "त्या खोटं बोलत नाईत." माझा हात तिनं घरी येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी आबा बाजेवर बसले होते, बाबा खाली चटईवर. आई आतल्या खोलीत भाकरी थापत होती. आबांनी जे घडलं ते सांगितलं, अगदी पाणी सांडल्यासकट, आणि शेवटी म्हणाले, "कंपाउंडर खरंच बोलला. देवच हाये तो. नाव गिळलं एवढंच."

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

आमच्या आईची एक रीत होती. ती सासऱ्यांशी थेट बोलत नसे. 'मामाजीले विचार, भाकर वाढू काय' असं मला सांगायची आणि आबा तिथेच बसलेले असूनही उत्तर माझ्यामार्फत द्यायचे. लग्न होऊन आल्यापासून हे असंच चाललेलं. त्या संध्याकाळी ती पिठाच्या हातांनी दाराशी आली, डोक्यावरचा पदर कोपरानं पुढे ओढला आणि मला मध्ये न घेता बोलली.

"मामाजी, मी एक बोलू काय?"

बाबांनी दचकून पाहिलं. आबा म्हणाले, "बोल ना बाई."

"आपल्या गल्लीतल्या साऱ्या बाया 'अहो' म्हणतेत. पुढं नाव कोणीच घेत नाई, साऱ्या गिळतेत. शेजारीण 'अहो' म्हणते, समोरची म्हणते, मी बी म्हणतो. मी 'अहो' म्हटलं म्हणून मी काय शेजारणीच्या घरची झाली? जिचं तिले समजते की आपण कोणाले म्हणून राहिलो. आपली पोरगी बी तसंच म्हणते. नाव घेत नाई तं तिच्या पोटात आपलाच देव असन ना. दुसरा कोण राहीन?"

एवढं बोलून ती घाबरली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आत्या मोरीच्या दारात उभी होती, हातात भांडी घासायचा राखेचा चोथा तसाच. बाबा चटईवरचा एक धागा ओढत बसले होते. मला आईचा इतका अभिमान वाटला की उठून तिला मिठी मारावीशी वाटली, पण हलायची हिंमत झाली नाही.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुही सासू गेली ना," ते म्हणाले, "तवा मी तिच्या जवळच बसलो होतो. डोळे मिटले होते तिचे. 'अहो' म्हणाली, एकच डाव. मी म्हटलं, काय वं. पुढं काही बोलली नाई. मले म्हटलं का वरच्याले म्हटलं, मले आजवर समजलं नाई. कोणाले इचारू?"

घरात कोणीच आजीबद्दल असं बोलत नसे. बाबांनी मान खाली घातली.

आई दारातून पुढे आली. "देवाले तं आपण 'अरे' म्हणतो, मामाजी," ती म्हणाली. "सासूबाई तुळशीपुढं रोज 'अरे देवा'च म्हणत. मी ऐकलं आहे ना. 'अहो' त्या तुमालेच म्हणत."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून ठेवलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, आणि रडतच होते, पण दुपट्टा खाली आला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. लग्नाच्या फोटोत असतं तसं लाजरं हसू त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मी एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी.

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि मोरीकडे मान वळवली.

"तुही सकाळची बस किती वाजता हाये वं?"

आत्यानं हातातला चोथा खाली ठेवला. बाबांनी वेळ सांगितली.

"मंग लवकर जेवून झोप म्हणा तिले," आबा म्हणाले. "तिकडं पोट्टे वाट पाहत असतीन."